बुधवार-शनिवारचा खड्डा

सतराशे पंचेचाळीसच्या खड्ड्यातून वेंकोबारावांना काय मिळणार होते, याचा हिशेब त्यांच्या बायकोने एका दमात करून टाकला होता. "ह्यांचं नाव वर जाईल," सरोजा शेजारणीला सांगायची, "आणि मला दोन्ही वेळच्या जेवणात खड्डा ऐकायचं सुटेल." शेजारणीला वाटे की रस्त्यातल्या खड्ड्याविषयी महापालिकेकडे अर्ज गेला आहे.

सरोजाचा हिशेब बरोबर होता, फक्त त्याची मागची बाकी तिने सांगितली नव्हती. ती अशी. मद्रासच्या कडेला, अंबत्तूरच्या कारखान्यांच्या रांगेत, एका वंगण कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे वेंकोबाराव चोवीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ होते. बसचे एंजिन, आगगाडीचे चाक, उसाचा चरक, जे जे फिरते आणि झिजते त्याला लागणारे तेल आणि ग्रीस त्यांच्या बोटांखालून गेले होते. त्यांच्या कामावर आजवर नऊ शोधनिबंध निघाले. नऊही दुसऱ्यांचे. उत्तरेकडून एखादा साहेब यायचा, दोन-तीन वर्षे मद्रासच्या उकाड्याला नावे ठेवायचा, निबंध लिहायचा आणि बढती घेऊन जायचा. वेंकोबारावांचे नाव शेवटच्या पानावर, आभारात, यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या शेजारी. एका निबंधात तर त्या माणसाच्याही नंतर.

आता एकोणऐंशी साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांना स्वतःचा असा एक शोध लागला होता. डिसेंबरात मुंबईला वंगणवाल्यांची परिषद भरणार होती. तिथे निबंध स्वीकारला गेला, तर पहिले नाव त्यांचे. अशी संधी पुन्हा येण्याचा संभव किती, हेही त्यांनी काढून पाहिले होते. तो शून्याच्या इतका जवळ होता की त्यांनी तो आकडा कुठे लिहिला नाही.

शोध समजायला फार शिकलेले असायला नको. वंगणाच्या तेलात झीज कमी व्हावी म्हणून दोन-तीन रसायने चिमूटभर घालतात. वेंकोबारावांनी एक आम्ल आणि एक अमाइन अशी जोडी निवडली. दोन्ही द्रावकात विरघळवायची, त्या द्रावणाचा थेंब दोन पारदर्शक चकत्यांमध्ये धरायचा आणि त्यातून अवरक्त किरण सोडायचे. यंत्राची लेखणी लांबलचक कागदावर रेघ ओढत जाते. रेणू जिथे किरण खातात तिथे रेघ खाली उतरते, खड्डा पडतो. ह्या जोडीच्या रेघेत सतराशे पंचेचाळीस या आकड्यावर एक खड्डा पडत होता. एकट्या आम्लात तो नव्हता, एकट्या अमाइनमध्येही नव्हता.

त्याचा अर्थ वेंकोबारावांनी असा लावला की आम्लाचे रेणू एरवी जोडप्याने राहतात, अमाइन आले की घर फुटते, आणि मोकळा झालेला रेणू ह्या नव्या आकड्यावर बोलू लागतो. तेला-तुपाच्या जातीचे रेणूही नेमके ह्याच आकड्यावर बोलतात, हे त्यांना पाठ होते. पण तेल-तूप काही त्यांनी त्यात घातले नव्हते, मग ते कशाला आठवायचे?

वर दुसरी साक्षही होती. चार पोलादी गोळ्यांचे यंत्र असते. तीन गोळे खाली घट्ट, चौथा वर गरगर फिरतो, मध्ये तेल. तासाभराने खालच्या गोळ्यांवर झिजेचा डाग पडतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. ज्या दिवशी खड्डा खोल, त्या दिवशी डाग लहान. दोन साक्षीदार, दोन वेगळ्या खोल्यांत, एकच जबानी देत होते. ह्यापुढे कोणते न्यायालय आणखी काय मागणार?

आता त्या चकत्यांविषयी सांगायला हवे, कारण सगळे तिथेच आहे. त्या काचेच्या नसतात, खऱ्याखुऱ्या मिठाच्या असतात. मद्रासच्या हवेत मिठाला पाणी सुटते. चकत्या दोन दिवसांत मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारख्या होतात. मग त्या घासून पुन्हा लख्ख कराव्या लागतात. हे काम वेंकोबाराव दुसऱ्या कोणाला करू देत नसत. हातमोजे घालत नसत, कारण चकतीचा खरखरीतपणा अंगठ्याला कळला पाहिजे. पोलादी गोळेही स्वतः धुवायचे, स्वतः बोटांत फिरवून पाहायचे. घरातल्या देवांना जशी मडी, म्हणजे आपले सोवळे, तशी ह्या चकत्यांना होती. आणि सोवळ्याचा नियम पक्का: जोडीचे नाजूक काम बुधवारी आणि शनिवारी, डोक्यावरून न्हाऊन आल्यावर. अंग हलके, डोके थंड, हात स्थिर. एकेकट्या रसायनाची साधी कामे सोमवार-मंगळवारी, कशीही. रसायनाला वार कळत नाही, हे ते इतरांना शिकवत आले होते. माणसाला कळतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

विभागाचे नवे प्रमुख डॉक्टर विद्याधर रिसबूड पुण्याहून आले होते. वय चौतीस, नुंगंबाक्कमला एका घराच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. पहिल्याच दिवशी वेंकोबारावांनी त्यांना मराठीत "या, बसा, कापी घेतां कां?" म्हटले, तेव्हा ते खुर्चीत बसता बसता थांबले.

"तुम्ही मराठी?"

"तंजावरचे. तीनशे वर्षं झाली येऊन."

"तुमचं बोलणं ऐकून एखादी बखर उघडल्यासारखं वाटतं."

"तुमचं ऐकून आम्हांला रेडिओ लावल्यासारखं होतं, सार," वेंकोबाराव म्हणाले. त्या दिवसापासून दोघांचे जमले.

जमले तरी विद्याधरांचा एक नियम होता. जे त्यांच्या स्वतःच्या हातून दुसऱ्यांदा होत नाही, त्यावर ते सही करत नसत. निबंध पाठवायची शेवटची तारीख सप्टेंबरातला एक सोमवार होता. त्याच्या दोन आठवडे आधी वेंकोबाराव एका पुतणीच्या लग्नासाठी सोमवार-मंगळवार तंजावरला गेले. ती वेळ साधून विद्याधरांनी कपाटातल्या चकत्या काढल्या, स्वतः घासल्या, गोळे स्वतः धुतले, आणि दोन दिवस आम्ल-अमाइनच्या जोडीला किरण दाखवले. रेघ सपाट. रामेश्वरच्या समुद्रासारखी.

यंत्राच्या खोलीचा ताबा धनलक्ष्मीकडे असे. प्रयोगशाळेतली वातानुकूलित खोली ती एकच, त्यामुळे तिथे कोण कामाला येतो आणि कोण गारव्याला, ह्याची तिला चेहरा बघून पारख होती. तिने बुधवारी सकाळी वेंकोबारावांना दारातच सांगितले, "रिस्बुड सार दोन दिवस आत होते. बाहेर आले तेव्हा घामेजलेले होते. ह्या खोलीत मी पहिल्यांदा बघितलं."

"माझ्या हातून का येत नाही, वेंकोबाराव?" विद्याधरांनी विचारले.

"हात बसावा लागतो, सार."

"किती दिवस लागतात बसायला?"

"मला चोवीस वर्षं लागली."

"शेवटची तारीख त्याच्या जरा अलीकडे आहे," विद्याधर म्हणाले. "करून दाखवा."

वेंकोबारावांनी चकत्या घेतल्या, अंगठ्याने गोल गोल फिरवत चमकवल्या, थेंब सोडला. लेखणी डुलत डुलत निघाली आणि सतराशे पंचेचाळीसला सुरेख खाली उतरली. मग त्याच चकत्या त्यांनी विद्याधरांपुढे केल्या. विद्याधरांनी स्वतःचे द्रावण घेतले, स्वतः थेंब सोडला. खड्डा. वेंकोबारावांनी निवडून ठेवलेले गोळे त्यांनी स्वतः यंत्रात बसवले. डाग लहान.

"बसला, सार," वेंकोबाराव म्हणाले. "तुमचा हात लवकर बसला."

एवढे शिकलेले विद्याधर, पण स्वतःच्या हाताची स्तुती ऐकली की माणूस तपशील विचारत नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा तसेच झाले. त्यांनी निबंध टंकून घ्यायला सांगितला आणि शनिवारी सकाळी स्वतः घरी येऊन सही करतो म्हणाले.

अण्णा नगरातले वेंकोबारावांचे घर तेव्हा रस्त्याच्या शेवटी होते. पुढे काटेरी झुडपे आणि त्यांत चरणारी शेजाऱ्याची म्हैस. शनिवारी साडेसातला विद्याधर पोचले, तेव्हा दार उघडे होते आणि आतून सरोजाचा आवाज आला, "मागे या, ते उठू शकत नाहींत."

विद्याधर घाबरून मागच्या पडवीत गेले. वेंकोबाराव एका पाटावर पंचा नेसून बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत चकचकत होते. सरोजा लोखंडी पळीतून कोमट तेल त्यांच्या टाळूवर सोडत होती. तेलात दोन मिरे तडतडून काळे पडलेले.

"आज काय दिवाळी आहे?" विद्याधरांनी विचारले.

"शनिवार आहे," सरोजा म्हणाली.

"शनिवारी तेल लावून अंघोळ?"

"बुधवारीं पण. पुरुषांना बुध-शनि, बायकांना मंगळ-शुक्र. पुण्यात नाहीं कां?"

"पुण्यात वर्षातून एकदा. पहाटे, कुडकुडत, आई पांघरूण ओढते म्हणून."

"पावम," सरोजा म्हणाली. बिचारा ह्या अर्थाचा हा तमिळ शब्द ती फार विचार करून वापरी. "म्हणून पुण्याची माणसं अशी करकरतात."

वेंकोबाराव हसले, तेल डोळ्यांत गेले, डोळे मिटून त्यांनी सांगितले, "बसा सार. ही नल्लेण्णै, घाण्यावरचं तिळाचं तेल. तासभर मुरवायचं, मग शिकेकाई. डोकं सात दिवस थंड."

"चारच," सरोजा म्हणाली. "म्हणून दोनदा."

विद्याधर स्टुलावर बसले. मांडीवर निबंधाची टंकलेली पाने, वर खड्ड्याचा कागद गुंडाळलेला. तो त्यांनी कौतुकाने पाटाजवळ उलगडला. सरोजाने आतून कापीचा पेला आणला. तो कुठे ठेवावा म्हणून तिने पहिले पान बाजूला सारले आणि हात मागे घेता घेता तिच्या लक्षात आले.

"अय्यो. बोट उमटलं."

पानाच्या मधोमध अंगठ्याचा डाग पडला होता. तेवढ्याच जागी कागद पारदर्शक झाला होता, आणि खालच्या पानावरची अक्षरे त्यातून स्वच्छ वाचता येत होती.

"पुसून जाईल कां?" सरोजाने विचारले.

"तेल आहे, जाणार नाही," विद्याधर म्हणाले. "राहू द्या. परिषदेला कळू दे की मद्रासहून आलंय." त्यांनी शेवटच्या पानावर सही केली, कापी घेतली, सोमवारी सकाळी स्वतः टपालात टाकतो म्हणाले आणि गेले.

वेंकोबाराव पाटावरून उठले नाहीत. ते त्या डागाच्या आठवणीकडे बघत बसले होते. शिकेकाईने तेल निघते, अशी त्यांची पन्नास वर्षांची समजूत होती. न्हाऊन झाल्यावर त्यांनी हात दोनदा धुतला, कोरडा केला आणि भिंतीवरच्या आरशावर अंगठा टेकवला. आरशात एक अंगठा उमटला. तो जाईपर्यंत ते बघत राहिले, पण तो गेला नाही.

शनिवारी प्रयोगशाळा अर्धा दिवस. वेंकोबारावांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत तळाशी थोडे तेल नेले. धनलक्ष्मीला म्हणाले, तू जा, किल्ली मी देतो. मग एका कापसाच्या बोळ्याने तेलाचा पुसट हात चकतीवर फिरवला आणि लेखणी सोडली. सतराशे पंचेचाळीस आले. लेखणी खाली गेली ती जातच राहिली; खड्डा कसला, विहीर होती. त्यानंतर त्यांनी आपली बोटे द्रावकात बुडवून कोरडी ठणठणीत केली, नव्या चकत्या घासल्या, नवे गोळे चिमट्याने उचलले, आणि आम्ल-अमाइनच्या जोडीला तिच्या गुणांवर सोडून दिले. रेघ सपाट. डाग मोठा. कोणाचे घर फुटले नव्हते. आम्लाची जोडपी सुखाने नांदत होती.

रविवार त्यांनी हिशेबात घालवला. हे कोणाला कळेल? मुंबईत कोणी पुन्हा करून पाहील? वंगणवाले निबंध वाचत नाहीत, ऐकतात, आणि तेही जेवणाची घंटा होईपर्यंत. दोन-चार वर्षांनी कुठे कोणाला जमले नाही तर म्हणता येईल, हात बसावा लागतो. चोवीस वर्षांनी हाताशी आलेले नाव एका अंगठ्यापायी सोडायचे? दुपारी ते जेवताना खड्ड्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हा सरोजाने ताकाचे भांडे खाली ठेवले.

"काय झालं?"

त्यांनी सांगितले. सगळे.

"म्हणजे ते माझं तेल?" सरोजा म्हणाली.

"हो."

"एवढा गुण आहे त्याला?"

"गुण नाहीं, घाण आहे. जिथे नसावं तिथे आहे."

"तेलाला घाण म्हणूं नका. रिस्बुडांना सांगट्लां कां?"

"नाहीं."

"सही कोणाची आहे त्यावर?"

"त्यांची."

"नाव तुमचं, सही त्यांची. पडलं तर कोण पडेल?"

"दोघं."

"मग त्यांना विचारून पडा," सरोजा म्हणाली आणि ताक वाढले.

सोमवारी सकाळी वेंकोबारावांनी नुंगंबाक्कमची बस धरली. विद्याधर पायांत चपला सरकवतच होते, हातात लखोटा. वेंकोबारावांनी जिन्यातच सुरुवात केली, कारण खोलीत जाऊन बसले असते तर कापी आली असती आणि धीर गेला असता. त्यांनी दोन्ही कागद पुढे केले. एक तेलाच्या विहिरीचा, एक सपाट रेघेचा.

विद्याधरांनी दोन्ही उजेडाकडे धरले. पुन्हा धरले. खालच्या मजल्यावरची म्हातारी घरमालकीण वर बघू लागली, इतका वेळ गेला.

"म्हणजे माझा हात बसला नव्हता," ते अखेर म्हणाले.

"तो माझाच होता, सार. चकत्यांवर, गोळ्यांवर, सगळीकडे माझाच अंगठा होता."

"तुमचं सोवळं."

"हो. जेवढं सोवळं, तेवढं तेल."

विद्याधर जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसू लागले. आधी नाकाने, मग खांद्यांनी, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वेंकोबारावांना कळेना, आपण उभे राहावे की बसावे. शेवटी तेही एक पायरी खाली बसले आणि त्यांनाही हसू फुटले. घरमालकिणीने दोघांना पाणी पाठवले.

लखोटा टपालात गेला नाही. विद्याधरांनी तो तिथेच फाडला, आपल्या सहीचे पान चार वेळा. वेंकोबाराव ते तुकडे मोजल्यासारखे बघत होते. ते बसस्टॉपकडे निघाले तेव्हा विद्याधर बरोबर चालू लागले आणि पन्नास पावलांनंतर म्हणाले, "अंगठ्यावर तेल किती दिवस टिकतं?"

"तपासलं नाहीं."

"शिकेकाईने किती जातं, साबणाने किती?"

"ते पण नाहीं."

"वेंकोबाराव, ह्या देशात अशा किती प्रयोगशाळा असतील, जिथे कोणाच्या अंगठ्याला तेल नाही?"

वेंकोबाराव थांबले. बस आली, गेली.

"डोक्याला लावणारे धरले तर एकही नाहीं," ते म्हणाले.

विद्याधरांनी परिषदेकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली, कारण म्हणून "काही निरीक्षणे पुन्हा तपासत आहोत" एवढेच कळवले, आणि ते अक्षरशः खरे होते. मग प्रयोगशाळेत जे चालले त्याला संशोधन म्हणायचे की जत्रा, ह्यावर धनलक्ष्मीचे मत शेवटपर्यंत ठरले नाही. अकरा माणसांचे अंगठे कामी आले. धनलक्ष्मीचा खोबरेल तेलाचा. तो रोजचा होता आणि तिने त्याची नोंद "सुगंधी" अशी वेगळी करायला लावली. फाटकावरच्या पहारेकऱ्याचा एरंडेलाचा. हिशेबनिसांचा मोहरीचा, ते मूळचे बंगालचे होते आणि आपल्या खड्ड्याची खोली इतरांपेक्षा जास्त निघाल्यावर आठवडाभर सगळ्यांशी गोड बोलत होते. गारव्याला यायला आता प्रत्येकाला रीतसर कारण मिळाले होते: अंगठा द्यायचा आहे.

दोन अंगठे मात्र हवे होते ते मिळणे कठीण. एक, ज्याला वर्षानुवर्षे तेलाची सवय आहे आणि त्याने ते सोडले आहे असा. दुसरा, ज्याला तेल ठाऊकच नाही आणि त्याला ते लागले आहे असा. पहिला अर्थात वेंकोबारावांचा. त्यांनी तेल बंद केले. पहिल्या बुधवारी त्यांना डोके जड वाटले, शनिवारी डोळे जळले, दुसऱ्या बुधवारी ते पाणीवाल्याशी भांडले. खड्डा दुसऱ्याच दिवशी नाहीसा झाला होता, पण विद्याधर म्हणाले की पुन्हा उगवतो का ते पाहिले पाहिजे, तीन आठवडे पुरे करा.

"आता कळलं पुण्याची माणसं अशी कां," सरोजा म्हणाली.

दुसऱ्या अंगठ्यासाठी एका बुधवारी पहाटे विद्याधर रिसबूड अण्णा नगरला आले आणि पंचा नेसून पाटावर बसले. सरोजाने आतल्या दाराआडून आज्ञा द्यायच्या आणि वेंकोबारावांनी तेल चोळायचे, असे ठरले होते.

"टाळूवर आधी. हळू नका, थापटा."

"फार गरम आहे," विद्याधर म्हणाले.

"गरम नाहीं. तुमचं डोकं गार नाहीं. कानांत घाला त्यांच्या."

"कानांत कशाला? अंगठ्याचा प्रयोग आहे."

"अंगठा काय एकटा न्हातो कां?" दाराआडून उत्तर आले.

विद्याधरांनी पुढे विरोध केला नाही. मानेवर तेल उतरले तसे त्यांचे खांदेही उतरले. पाठीला हात लागला तेव्हा ते काहीतरी म्हणाले, पण ते मराठी नव्हते आणि इंग्रजीही नव्हते. मग शिकेकाई, पितळी हंड्यातले कढत पाणी, मिरे-जिऱ्याचे रसम आणि भात. "आज दुपारीं झोपायचं नाहीं," सरोजाने बजावले. "तेलाच्या दिवशीं झोपलं की अंगात ताप येतो."

प्रयोगशाळेत त्यांनी अंगठा दिला. रेघ सतराशे पंचेचाळीसला आली आणि सुरेख खाली उतरली. धनलक्ष्मीने टाळी वाजवली. विद्याधरांनी ती ऐकली नाही. ते वातानुकूलित खोलीतल्या खुर्चीत, नव्या कोऱ्या खड्ड्याशेजारी, तोंड उघडे टाकून झोपले होते.

निबंध सहा पानांचा झाला. कोणते तेल, किती दिवस, कोणत्या साबणाने किती जाते, चकत्या आणि गोळे कसे हाताळावेत. वेंकोबारावांनी तो पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिला. विद्याधरांनी स्वल्पविराम दुरुस्त केले. नावांच्या जागी वेंकोबारावांनी दोन नावे लिहून आणली, तेव्हा विद्याधरांनी दुसऱ्यावर रेघ मारली.

"सार, तुमचं नाव नको कां?"

"पुण्यात माझे गुरू अजून हयात आहेत, वेंकोबाराव. मी चार महिने तुमच्या अंगठ्याचे वर्णपट काढत होतो, हे त्यांनी वाचावं अशी माझी इच्छा नाही."

"मग पहिलं नाव..."

"पहिलं, दुसरं, शेवटचं, सगळं तुमचं. चूक तुमची, ती पकडली तुम्ही, अंगठा तुमचा. ह्यात मला घुसायला जागा कुठे आहे?"

असे झाले की आजवर ज्या कामात वाटा घ्यायला साहेबांची रांग लागे, त्यातले एकही नाव ह्या निबंधावर यायला तयार झाले नाही. वेंकोबारावांचे नाव छापले गेले ते एकटे, मधोमध, ठळक.

मुंबईला त्यांना जेवणानंतरची वेळ मिळाली. सभागृहात चाळीस माणसे होती; त्यांतली निम्मी डुलत होती. वेंकोबारावांनी बुधवार-शनिवारचे आणि सोमवार-मंगळवारचे कागद शेजारी शेजारी लावले आणि कारण सांगितले, तेव्हा चाळीसही जागी झाली. हशा इतका झाला की अध्यक्षांना घंटा वाजवावी लागली. पण हशा ओसरल्यावर बऱ्याच जणांनी आपापला अंगठा टेबलाखाली घेऊन पाहिला. चहाच्या वेळी बडोद्याचे एक गृहस्थ त्यांना खांबाआड घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "आमच्याकडे एक खड्डा आहे. रविवार सोडून रोज. त्यावर माझी डॉक्टरेट आहे. काय करावं?" वेंकोबारावांनी त्यांच्या केसांकडे पाहिले आणि सहा पानांची एक प्रत दिली.

पुढच्या वर्षात त्या प्रतीसाठी पत्रे आली. रांचीहून, कोचीहून, एक कोलंबोहून. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ती सहा पाने आधी वाचायला द्यायचा अंबत्तूरला नियमच झाला, आणि धनलक्ष्मी ती देताना अंगठा पुढे करायला सांगायची.

आता शेवटी कोणाच्या पदरात काय पडले आणि भरले कोणी, ते पाहू. वेंकोबारावांना नाव मिळाले. त्यासाठी त्यांनी एक चांगला शोध घालवला आणि तीन आठवडे कोरड्या डोक्याने काढले. विद्याधरांनी एक सही फाडली. त्याची भरपाई त्यांनी पुरेपूर करून घेतली, कारण प्रयोग संपला तरी ते दर बुधवारी पहाटे पंचा काखेत मारून अण्णा नगरला येत राहिले, अठ्ठ्याऐंशी साली पुण्याला परत जाईपर्यंत. हिशेबनिसांना मान मिळाला, पहारेकऱ्याला गारवा. कंपनीचे काही गेले नाही. नऊ वर्षे दर बुधवारी पाचच्या आत उठून एकाऐवजी दोन हंडे पाणी तापवले, दोन माणसांचे तेल कढवले आणि दोघांना दुपारी झोपू नका म्हणून सांगितले, ते सरोजाने. तिने ह्यात काय मिळवले ह्याची नोंद सापडत नाही. खड्डा मात्र ती दोन्ही वेळच्या जेवणात शेवटपर्यंत ऐकत होती, आणि बुधवारी तो दोन तोंडांनी.